शौचालयाची आतली कडी

दोन हजार सतराच्या सुमारास ओटावातल्या सरकारने जाहीर केलं, की यापुढे कॅनडाची परदेशी मदत स्त्रीवादी असेल. मिसिसागातलं आमचं मदतसंस्थेचं ऑफिस लगोलग स्त्रीवादी झालं. त्याआधी तिथे स्त्रीवादी मी एकटीच होते. पण तेव्हा मला कटकटी म्हणत.

माझं काम असं : एका देशात युद्ध चाललं होतं आणि सीमेलगतच्या छावणीत आमच्यासारख्या बऱ्याच संस्था पाणी, धान्य, औषधं पुरवत होत्या. त्या गडबडीत बायकांचं म्हणणं कोणी ऐकतंय का, हे बघायचं आणि सगळ्या संस्थांना त्यासाठी एकत्र आणायचं. मराठी मंडळाच्या पॉटलकला, म्हणजे घरोघरून एकेक पदार्थ आणून केलेल्या जेवणाला, कोणी विचारलंच, तर माझा नवरा परस्पर सांगून टाकायचा, "ही तिकडच्या पुरुषांना शिस्त लावते. इथल्याला लावून झाली." लोक हसायचे. मीही हसायची, कारण गाडीच्या किल्ल्या त्याच्याकडे असायच्या.

छावणीतली माझी सहकारी तिथलीच होती, युद्धाआधी शाळेत भूगोल शिकवणारी. तिच्या भाषेतल्या शब्दाने ती मला ताई म्हणायची. एका सकाळी फोनवर म्हणाली, "ताई, शौचालयांना आतून कडी नाही. बायका अंधारात जायला घाबरतात. म्हणून दुपारनंतर पाणीच पीत नाहीत."

मला वाटलं, एवढंच ना? कडी ती काय, बसेल आठवड्यात.

सगळ्या संस्थांच्या व्हिडिओ बैठकीत मी विषय काढला. इंजिनियर म्हणाले, मंजूर नमुन्यात कडी दाखवलेली नाही. सुरक्षावाले म्हणाले, आत कोणी लपून बसलं तर? एका संस्थेने सुचवलं, बायकांना खरंच कडी हवी आहे का, याचं आधी सर्वेक्षण करू. प्रश्न कुटुंबप्रमुखांना विचारू. कुटुंबप्रमुख म्हणजे कोण, हे विचारायची कोणाला गरज वाटली नाही.

आमचे डायरेक्टर भले गृहस्थ. कोणाचंही बोलणं तोडायच्या आधी सॉरी म्हणायचे. "सॉरी," ते म्हणाले, "पण आपण लोखंडाच्या तुकड्यात अडकायला नको. आपल्याला मानसिकता बदलायची आहे." मग माझ्याकडे वळून, "आजच्या बैठकीचे मिनिट्स तूच लिहिशील ना? तुझं लिखाण फार व्यवस्थित असतं."

मानसिकता बदलण्यासाठी पोस्टर छापलं गेलं. हात उंचावलेली हसरी बाई आणि खाली 'तुमचा सन्मान, आमचा निर्धार'. ते प्रत्येक शौचालयाच्या दारावर डकवलं.

"कसं दिसतंय?" मी फोनवर विचारलं.

"छान चिकटलंय," सहकारी म्हणाली. "वारा आला की दारासकट उघडतं."

तो सगळा हिवाळा मी ऑफिसला जाण्याआधी ड्राइव्हवेवरचा बर्फ फावड्याने उपसायची आणि ऑफिसात पोचून कडीचा विषय पुन्हा उकरायची. बर्फ तरी हलायचा. मधेच छावणीतली एक गरोदर बाई पाणी न प्यायल्यामुळे तापाने फणफणली. मी ते बैठकीत सांगितलं, तर उत्तर मिळालं, की हा विषय आरोग्याच्या बैठकीत घ्यावा. आरोग्यवाल्यांनी तो शौचालयवाल्यांकडे परत पाठवला. त्या दिवशी मी वॉशरूममध्ये जाऊन, आतून व्यवस्थित कडी लावून, रडले.

वसंतात डायरेक्टर स्वतः छावणी बघायला गेले. दुसऱ्याच दिवशी सहकारीचा फोन आला. तिला हसू आवरत नव्हतं.

"ताई, तुमच्या साहेबांचं पोट बिघडलं. गाडीने पाहुण्यांच्या शौचालयापर्यंत जायला वेळ नव्हता. आमच्यातच गेले."

"मग?"

"एका पायाने दार दाबून बसले होते. पण वारा काही स्त्रीवादी नसतो. दार सताड उघडलं. समोर पाण्याच्या रांगेत आम्ही सगळ्या."

"अगं बाई! मग काय केलंत?"

"तोंडं फिरवली. आम्हाला सवय आहे. त्यांना नव्हती."

डायरेक्टर परतले आणि पुढच्या बैठकीत पहिला विषय कडी. नमुन्यात कडी बसते, हे इंजिनियरांना अचानक दिसलं. आत कोण लपेल याची सुरक्षावाल्यांना चिंता उरली नाही. सर्वेक्षणाचं कोणी नावही काढलं नाही. आठवड्याभरात प्रत्येक दाराला आतून कडी लागली.

पुढे ओटावातल्या एका समारंभात डायरेक्टरांनी छोट्याशा कडीत स्त्रीची प्रतिष्ठा कशी सामावलेली असते, यावर भाषण केलं. ही दृष्टी तुम्हाला कुठून आली, असं कोणीतरी विचारलं. "स्त्रियांचं ऐकून," ते गहिवरून म्हणाले. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. मी बसून राहिले. शेजारच्या बाईंनी हळूच विचारलं, "गुडघे दुखतायत का?"

मी भाषणाची हकीकत सहकारीला सांगितली. ती म्हणाली, "ताई, आता वाटेवर दिवे हवेत. त्यांना परत पाठव ना. या खेपेला रात्री."

मी डायरेक्टरांना विचारून पाहिलं. त्यांना सवड नव्हती. भाषणांची आमंत्रणं फार होती. दिवे लागले, पण त्याला आणखी एक हिवाळा जावा लागला, आणि तोवर मी मिनिट्स लिहायचं साफ बंद केलं होतं.