डार्कच्या जागी व्हीटिश

हे मी आईलासुद्धा फोनवर कधी सांगितलं नाही. तुम्हाला सांगतेय, कारण आता राग आवरत नाही. माझाच राग.

मी गोंदियाकडची. नववीत शाळा सुटली. पुण्यात बुधवार पेठेत टायपिंगचं दुकान चालवणाऱ्या बाईंनी मला कॉम्प्युटर शिकवला, स्वतःच्या ताटातलं जेवू घातलं. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. तिथं मी लग्नाचे बायोडाटा बनवते. रंगाच्या रकान्यात दोनच इंग्रजी शब्द चालतात — मुलगी उजळ असली तर 'फेअर', बाकी सगळ्या जगाला 'व्हीटिश'. म्हणजे गव्हाळ. माझ्या रंगाचा गहू कुठल्या शेतात पिकतो हो? पण 'डार्क' कुणी लिहीत नाही. स्थळं येत नाहीत म्हणे.

एक नर्स आली. माझ्याएवढीच काळी. म्हणाली, "डार्क लिहा. ज्याला चालेल तोच येऊ दे घरी."

आणि मला — खरं सांगू? — संताप आला. मी इतकी वर्षं तोंडाला पावडर फासतेय, आणि ही कोण लागून गेली? तरी 'डार्क' लिहिलं. तिनं स्क्रीनवर वाचलं, बरोबर म्हणाली, ड्यूटीवर गेली. मग मी तो शब्द पुसला. 'व्हीटिश' केलं. संध्याकाळी तिचे वडील येऊन छापलेल्या बायोडाटाचं पाकीट घेऊन गेले. दया आली म्हणून बदललं असेल, असं वाटतंय तुम्हाला? नाही. तिची मान ताठ होती, ती मला बघवली नाही.

महिन्याभरानं ती तो कागद घेऊन ओरडतच आली. मुलाकडचे घरी येऊन बोलून गेले होते — "रंग लपवून मुलगी खपवता होय?" — आणि तिच्या वडिलांनी हात जोडले होते.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "'व्हीटिश' लिहा म्हणून यांनीच सांगितलं होतं."

"वा! सांगायचं आपण, आणि ओरडायचं आमच्या पोरीवर," बाई कडाडल्या. "जरा लाज बाळगा."

नोकरी जाईल, पुण्यात कुठं जाऊ — हे सगळं तेव्हा डोक्यात आलं. आलं, म्हणून काय झालं?

दुकानातली माणसं बघत होती. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं. तिला कळलं होतं. मग ती बाईंना "सॉरी" म्हणाली आणि पायऱ्या उतरून गेली.

माफी तिनं मागितली. मी मागू दिली.