डोळ्यांनी वाचणारी मुलं

कुंदा गेली त्या दिवशी सोमवार होता. धंतोलीच्या दवाखान्यातून तिच्या मुलाचा फोन आला तेव्हा मी हजेरी घेत होते. हजेरी पूर्ण केली आणि मग मुख्याध्यापकांना सांगितलं.

आता जे लिहिते आहे ते मी कुणाला सांगितलेलं नाही. घरी नाही, कुंदालाही नाही. तुम्हाला सांगणं त्यातल्या त्यात सोपं – तुम्ही तिला ओळखत नव्हता.

आम्ही दोघी डी.एड.ला एका बाकावर होतो. ती उमरेडहून एसटीनं यायची. पुढे दोघी महानगरपालिकेच्या शाळांत लागलो. माझी शाळा लकडगंजच्या बाजूला, तिची रेल्वे लाइनीच्या पलीकडे. दोन्हीकडे सहावी ते आठवी, आणि दोन्हीकडे पट दरवर्षी घसरत होता. एप्रिलच्या उन्हात आम्ही घरोघर मुलं शोधत फिरायचो. कुंदा म्हणायची, "नेते मतं मागतात, आपण पोट्टे मागतो."

सात वर्षांपूर्वी ठरलं, दोनपैकी एकच शाळा राहील. कार्यालयातून तुलनेचा तक्ता आला. पट आमचा थोडा जास्त, खोल्या त्यांच्या बऱ्या. नळ, स्वच्छतागृहं सारखीच. उरला शेवटचा रकाना – सहावीचं वाचन. पक्षपात नको म्हणून अदलाबदल ठरली. तिनं माझा वर्ग तपासायचा, मी तिचा. प्रत्येक मुलाला एक परिच्छेद, एक मिनिट. मिनिट कधीपासून मोजायचं, ते तक्त्यात लिहिलेलं नव्हतं.

तिची शिकवण्याची एक रीत होती. मूल पुस्तक उघडायचं आणि गप्प बसायचं. पूर्ण परिच्छेद मनात वाचून झाला की मान वर करायचं, मग मोठ्यानं वाचायचं. पहिले डोळ्यांनी, मग तोंडानं, असं ती सांगायची. मला हे ठाऊक होतं. तिनंच कितीदा सांगितलं होतं – मी तिच्या वर्गात बसून पाहिलंही होतं.

मग त्या दिवशी मी काय केलं? फारसं काहीच नाही. मुलाच्या हातात पुस्तक दिलं आणि घड्याळ लावलं. मूल खाली पाहत राहिलं, ओठ मिटलेले, डोळे ओळीवरून सरकत होते. ते सरकताना मला दिसत होते – हे लिहायलाच हवं. मिनिट संपलं, मी पुस्तक काढून घेतलं आणि लिहिलं: वाचता येत नाही.

एकोणीस मुलांपैकी अकरांपुढे मी तसं लिहिलं. एका मुलीनं पुस्तक सोडलं नाही. "मॅडम, आता वाचते ना," ती म्हणाली. मी पुढचं नाव घेतलं.

माझ्या वर्गात कुंदानं काय केलं, ते मला मुलांनी सांगितलं. एक मुलगा अडखळत होता. तो सावरेपर्यंत ती थांबली, मग घड्याळ पुन्हा लावलं.

आमची शाळा बंद झाली असती तर मी अतिरिक्त ठरले असते, शहराच्या कुठल्याही टोकाला बदली झाली असती. ते कारण होतं का? असेल. पण बदली तर तिचीही होणार होती.

तिची शाळा बंद झाली. बहुतेक मुलं आमच्याकडे आली. चार मुली आल्या नाहीत. लाइन ओलांडून पोरीला पाठवणार नाही, असं घरचे म्हणाले. त्यांना समजवायला मी स्वतः गेले होते – मीच.

रिकाम्या जागेवर कुंदाही आमच्याच शाळेत आली. एकदा डबा खाताना ती म्हणाली, "माह्यंच चुकलं वं. मी पोरायले लय वेळ देत होती. आता पुस्तक उघडलं का सरळ वाचाले लावते."

मी म्हटलं, "होते असं कधी कधी."

ती खरंच बदलली. तिचा वर्ग आमच्या वर्गांसारखाच मोठ्या आवाजात वाचायला लागला. बाजूच्या खोलीतून मला ऐकू यायचं. एखाद्या मुलाला ती घाई करताना ऐकलं की मी फळ्यावर काहीतरी लिहीत राहायचे. सहा वर्षं भिंतीपलीकडे ती होती. सांगायला किती वेळ लागला असता?

मागच्या आठवड्यात शाळेत शोकसभा झाली. तिची सर्वांत जुनी मैत्रीण म्हणून मला बोलायला सांगितलं. कुंदा मुलांना वेळ द्यायची, असं मी म्हणाले. नवीन शिक्षकांना त्याचं नवल वाटलं असेल. त्यांनी तिला तसं शिकवताना पाहिलंच नव्हतं. पुढचं मी बोलले नाही. खाली बसले.

त्या अकराही मुलांना वाचता येत होतं. तिच्या शाळेच्या खोल्यांत आता महानगरपालिकेचं जुनं फर्निचर ठेवतात. तिच्या रीतीनं शिकवणारं आमच्या शाळेत कोणी नाही. मीही तसं शिकवत नाही.