मोटरीची खांदशेकणी

मोर्शीहून अमरावतीला जाणाऱ्या सडकेवर जेवढ्या विहिरी होत्या, तेवढ्या साऱ्यांवर गोदाबाईची ओळख झाली होती. पाणी भरायला आलेल्या बायकांना आधी लांबून भोंगा ऐकू यायचा, मग वाफेचा ढग दिसायचा, आणि मग त्या ढगातून मांडीवरची रिकामी घागर सावरत गोदाबाई खाली उतरायची. बायका आपणहून तिच्या हातात दोर द्यायच्या. मोटर म्हणे पेट्रोलवर चालते, मग ही एवढं पाणी काहून पिते, असं एकीनं एकदा विचारलं. गोदाबाईनं घागर भरता भरता सांगितलं, "मागच्या जन्मी म्हैस होती थे."

ही सदतीस सालची गोष्ट. वऱ्हाडात तेव्हा मोटर असायची ती वकिलाची, डॉक्टरची, नाहीतर जिनिंगवाल्या शेटजीची. वांगी, मिरच्या आणि सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या विकणाऱ्या माळ्याच्या दारात मोटर उभी राहिली ती एकट्या नत्थुजींच्या, गोदाबाईच्या नवऱ्याच्या. एका वकिलानं काढून टाकलेली जुनी गाडी त्यांनी घेतली, तिचं मागचं अंग कापलं आणि तिथं सुताराकडून भाजीसाठी लाकडी पेटारा बसवून घेतला. मोटेवरची म्हातारी बैलजोडी घरी ठेवली, पण बंडीची जोडी, हिऱ्या आणि पवळ्या, गावातल्याच पंजाबरावांना विकून टाकली.

गोदाबाई नवऱ्याशी भांडली नाही. तिनं नुसता अबोला धरला. हिऱ्याला तिनं गोऱ्हा होता तेव्हापासून हातानं चारलं होतं. आता तो पंजाबरावांच्या बंडीला जुंपून दारावरून जायचा, आणि दार आलं की मान आत वळवायचा. पंजाबराव ओशाळून पुढे बघत राहायचे.

बैलांवर तिची खूण असायची. उजव्या हाताचं करंगळीजवळचं बोट लहानपणी विळ्यानं कापून वाकडं झालं होतं. पोळ्याला लाल वारनीसात पाच बोटं बुडवून बैलाच्या अंगावर ठसा द्यायचा, तर तिची चारच उमटायची: अंगठा, दोन बोटं, मग एक रिकामी जागा, मग करंगळी. सुटलेला बैल कुठं दिसला तर लोक म्हणायचे, चार बोटांचा आहे, नत्थुजीच्या घरी हाकला.

मागच्या पोळ्याला नत्थुजींनी हट्ट धरला होता. मोटर ज्या जोडीच्या जागी आली, त्या जोडीचा मान मोटरीला. ती तोरणाखाली उभी राहणार, आणि आदल्या दिवशी तिची खांदशेकणीही होणार. बैलानं वर्षभर जू वाहिलं म्हणून त्याचा खांदा तूप-हळदीनं चोळायचा, हे ठीक, पण मोटरीचा खांदा कुठून आणायचा? नत्थुजींनी बॉनेट उघडलं, इंजिनाला थंड ठेवणारी पुढची पाण्याची टाकी दाखवली आणि सांगितलं, सारा ताप हीच सोसते, हाच खांदा. गोदाबाईनं पळसाच्या पानानं टाकीला तूप-हळद चोळली, टाकीच्या मागच्या अंगाला चार बोटं उमटवली आणि रिवाजाचं आमंत्रण दिलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." ते अशा आवाजात दिलं, की पाहुण्यानं घरूनच जेवून निघावं.

गाव वर्षभर हसलं. मोटरीनं पुरणपोळी खाल्ली की सोबत वरणही मागितलं, हे विचारल्याशिवाय कोणी गोदाबाईकडून वांगी घेईना. तिला त्या खांदशेकणीची मनातून लाज वाटायला लागली.

त्यातून दिवाळीत भोंगा मुका झाला. एवढंच झालं होतं. तेवढ्यासाठी नत्थुजी गाडी अमरावतीला मोटर एजन्सीत घेऊन गेले. एजन्सीचं नाव लांबलचक इंग्रजी होतं, म्हणून ते तिला दवाखाना म्हणायचे. दवाखान्याचे कारभारी ओमप्रकाश, पांढऱ्याशुभ्र कपड्यांतला गोड माणूस. त्यांनी बॉनेटला कान लावून ऐकलं, मान हलवली आणि गाडी ठेवून जायला सांगितलं. गाडी पुष्कळ दिवसांनी परत मिळाली. आता भोंगा वाजत होता, पण स्वतःच्या मनानं. नेरपिंगळाईच्या बाजारात तो असा काही वाजत सुटला, की डिप्टी कमिशनर आले समजून लोकांनी वाट करून दिली. आणि त्याच दिवसापासून मोटर उकळायला लागली.

पुढचे महिने नत्थुजींनी दवाखान्याची वारंवार पायरी चढली. एकदा पट्टा बदलला, तर दिवा गेला. एकदा कुठलंसं तेल बदललं, तर गाडी उतारावरही कण्हायला लागली. दर वेळी ओमप्रकाश म्हणायचे, आता मक्खनसारखी चालेल. दर वेळी ती पहिल्या विहिरीपर्यंत मक्खनसारखी चालायची. वांगी अर्ध्या वाटेत शिजतील की काय अशी भीती. घरच्या मळ्यातला माल अमरावतीच्या मंडईत पोचायचा तेव्हा गिऱ्हाईक जेवून झोपलेलं असायचं. गावात मात्र मोटरीला धक्का द्यायला सगळ्यांच्या पुढे पंजाबराव असायचे. मोटर बिघडली तर आपल्याला जोडी परत द्यावी लागेल, हे त्यांना दिसत होतं, आणि जोडी त्यांच्या जीवाला लागली होती.

शेवटी श्रावणात गोदाबाईनं अबोला सोडला. पारावर चार माणसं बसलेली असताना ती नवऱ्याला म्हणाली, "अवो शकुनचे बाबा, या पोयाले तुमची मोटर आपल्या पायानं तोरणाखाली येऊन उभी राह्यली त मी जनमभर तिच्यात बसतो. नाई राह्यली त थे विका अन् माहे बयल आना."

नत्थुजींनी सगळ्यांदेखत कबूल केलं. पंजाबरावांनीही मान डोलावली, पण तिथून उठून ते थेट जोडीपाशी गेले.

खांदशेकणीच्या दिवशी सकाळी नत्थुजी शेवटचं म्हणून दवाखान्यात निघाले. सोबत गोदाबाई, मांडीवर घागर. निघण्याआधी तिनं गोठ्यातली रिकामी जागा झाडली, खुंट्याला नवं दावं बांधलं, आणि आजूबाजूला कोणी नाही बघून त्या खुंट्यालाच हळूच म्हणाली, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." मोटर दुरुस्त होणार नाही, याची तिला खात्री होती. वाटेत प्रत्येक विहिरीवर ती उतरली, आणि प्रत्येक विहिरीवर थोडी जास्तच खूश झाली.

दवाखान्यात त्या दिवशी शुकशुकाट होता. मिस्त्री पोळ्याला आपापल्या गावी गेले होते. छपराखाली दुसरी एक मोटर बॉनेट उघडून उभी होती. नत्थुजींच्या मोटरीच्याच कंपनीची, पण धडधाकट आणि पूर्ण अंगाची. ती अकोटच्या एका जिनिंगवाल्या शेटजीची होती. तिचे ड्रायव्हर किसनराव तेलाची वाट बघत बाजूला तंबाखू मळत होते. नत्थुजी ओमप्रकाशांना आपल्या मोटरीचं दुखणं सांगायला लागले, तशी गोदाबाई सावलीला म्हणून शेटजीच्या मोटरीशी जाऊन उभी राहिली. आत सहज नजर गेली.

पाण्याच्या टाकीच्या मागच्या अंगाला लाल ठिपके होते. अंगठा, दोन बोटं, एक रिकामी जागा, करंगळी.

ती तिथून बाजूला झाली आणि घागरीपाशी जाऊन बसली. तिला सगळं समजलं होतं. शेटजीची गळकी टाकी आपल्या मोटरीत, आपली चांगली टाकी शेटजीच्या मोटरीत. आणि तिला हेही समजलं होतं, की आपण काहीच पाहिलं नाही असं धरलं, तर उद्या संध्याकाळी हिऱ्या नव्या दाव्याला बांधलेला असेल. बोलायची काही गरजच नव्हती. नुसतं गप्प बसायचं होतं, आणि त्याची तर तिला वर्षभराची सवय होती. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि छपराच्या पत्र्याकडे बघत बसली.

ती तशीच बसून राहिली असती. पण ओमप्रकाशांनी मोटरीच्या टाकीचं झाकण उघडलं, आत पाहिलं आणि खेदानं सांगितलं, की गाडीत दोष नाही. "बाईजी, तुमच्या विहिरीचं पाणीच खराब आहे. खारं पाणी. टाकी सडणारच."

गोदाबाईच्या विहिरीचं पाणी खारं! बाळंतिणीला प्यायला लोक जिचं पाणी मागून नेत, त्या विहिरीचं. ती उठली. आवाज चढवला नाही.

"ओमप्रकाशभाऊ, त्या गाडीची टाकी कोनाची होय?"

"शेटजीची, बाईजी. एकदम नवी. सीधी कंपनीतून आली."

"कंपनीतून."

"विलायतेतून म्हणा ना."

"मंग विलायतेत पोया कधीपासून भरून राह्यला?"

नत्थुजींना काही उमजेना. तिनं त्यांना दंडाला धरून शेटजीच्या बॉनेटखाली वाकवलं. ओमप्रकाश लगबगीनं म्हणाले, की ही तर कंपनीची खूण, प्रत्येक टाकीवर असते. त्यावर गोदाबाईनं आपला हात टाकीवर ठेवला. अंगठा अंगठ्यावर बसला, दोन बोटं दोन ठिपक्यांवर, करंगळी करंगळीवर. वाकडं बोट रिकाम्या जागेवर अधांतरी राहिलं.

किसनराव तंबाखू तशीच मुठीत धरून जवळ आले. त्यांनी टाकीच्या सांदीत नख घातलं, पिवळं किटण काढलं, वास घेतला आणि गंभीरपणे म्हणाले, "तूप हाये. घरचं." मग ओमप्रकाशांकडे वळून म्हणाले, "आमाले त तुमी नवी म्हणून लावली ना? आता शेटजीले मी काय सांगू, का तुमची मोटर मागच्या साली पोयात उभी होती?"

ओमप्रकाशांचा गोडवा आटला. गर्दीच्या दिवसांत चुकून अदलाबदल झाली असेल, असं ते पुटपुटले. गोदाबाईनं ते ऐकून घेतलं. "माह्या टोपल्यातल्या वांग्याची कधी चुकून मिरची होत नाई," एवढंच म्हणाली, आणि घागर उपडी घालून मोटरीसमोर बसली. किसनराव एक रिकामा डबा उपडा घालून तिच्या शेजारी बसले. त्यांनाही आता इथून नजर हटवायची नव्हती. मिस्त्री नसल्यामुळे ओमप्रकाशांनाच बाह्या सरसावाव्या लागल्या. दोन्ही मोटरींच्या टाक्या निघाल्या. शेटजीच्या गाडीसाठी आतल्या खोलीतून खरीखुरी नवी टाकी बाहेर आली. ती इतके दिवस तिथंच होती, हे पाहून किसनरावांनी कपाळाला हात लावला. संध्याकाळी काम उरकलं तेव्हा पांढऱ्या कपड्यांचा माणूस काळा झाला होता, आणि आज पहिल्यांदाच तो तिला मोटरीच्या दवाखान्यातला वाटला.

एजन्सीतच लाल रंगाचा डबा होता. गोदाबाईनं तो न विचारता घेतला. टाकीवर चार बोटं, दिव्यांवर चार बोटं, पट्ट्याच्या चाकावर, चारही चाकांवर, स्टेअरिंगवर, जिथं हात पोचला तिथं चार बोटं. ओमप्रकाश काळे हात पुसत होते. आपल्या मनानं वाजणाऱ्या भोंग्याचं तेवढं त्यांना सांगायचं दोघांच्याही हातून राहून गेलं.

मुक्काम पेटाऱ्यात करून दोघं पोळ्याच्या सकाळी निघाले. गोदाबाईनं सवयीनं घागर भरून मांडीवर घेतली होती. पहिली विहीर आली. बायकांनी दोर पुढे केला. मोटर थांबलीच नाही. दुसरीवरही नाही. दोर हातात धरून बायका मागं वळून बघत राहिल्या. घागरीतलं पाणी हिंदकळून गोदाबाईचं लुगडं भिजत होतं आणि तिला ते ओतायला कुठं कारण मिळत नव्हतं.

तिसरी विहीर मागं पडली तेव्हा नत्थुजी समोर बघतच म्हणाले, "तू गप राह्यली असती त बयल भेटले असते तुले."

"हो."

"मंग?"

"बयल तुमी इकले. माह्या डोयादेखत, सांगून सवरून. टाकी त्यानं चोरली." तिनं घागर सावरली. "अन् वर माह्या इहिरीले नाव ठेवलं."

संध्याकाळी गावच्या तोरणाखाली सजलेल्या बैलांची रांग लागली होती. तिच्यात मोटर आपल्या पायानं, वाफेशिवाय येऊन उभी राहिली. अंगभर लाल ठिपके, जणू नुकतीच गोवरातून उठली असावी. लोक हसायला विसरले. शेजारी हिऱ्या-पवळ्याची जोडी धरून पंजाबराव उभे होते. त्यांचा चेहरा इतका उजळला, की जणू मोटर त्यांचीच होती. गोदाबाई मोटरीत बसून होती. कबूल केलं होतं, बसणं भाग होतं. हिऱ्यानं मान लांबवून तिच्या हाताचा वास घेतला, आणि तिनं नजर दुसरीकडे फिरवली.

गावच्या पाटलांनी तोरण तोडायला हात वर केला आणि भोंगा वाजला.

तो कोणी वाजवला नव्हता. तो आपल्या मनानं वाजला आणि वाजतच राहिला. बैल उधळले. झुली, गोंडे, बाशिंगं, माणसं, सगळ्यांची एकच तारांबळ. पंजाबरावांच्या हातून कासरा सुटला. पवळ्या पाणवठ्याकडे पळाला. हिऱ्या मात्र गल्लीत वळला, आणि तो कुठं वळला हे पाहून गोदाबाई मोटरीतून उतरून त्याच्या मागं धावत सुटली.

पंजाबराव धापा टाकत नत्थुजींच्या गोठ्यात पोचले, तेव्हा हिऱ्या नव्या दाव्यापाशी उभा होता. त्याला कोणी बांधलेलं नव्हतं. गोदाबाईची पोर शकुन पुरणपोळीचं ताट धरून होती आणि गोदाबाई एकेक घास त्याच्या तोंडात देत होती. पंजाबरावांनी कासरा पुढे केला, मग मागं घेतला.

"घेऊन जा, पंजाबरावभाऊ, बयल तुमचाच होय," गोदाबाई वळून न बघता म्हणाली. "पन आवतन काल माह्याकडचं होतं. जेऊ द्या त्याले आधी."

पंजाबराव पायरीवर टेकले. शकुननं त्यांच्याही हातात एक पोळी ठेवली. तोरणाकडून भोंग्याचा आवाज येतच होता, आणि मधूनमधून नत्थुजींचाही.