टुलॉकांच्या घराची थोरली

आराबा टुलॉक तीस वर्षं केप कोस्टच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बसली. वकिलांचे खटले, कोकोच्या दलालांची भांडणं, पाद्र्यांच्या बदल्या, सगळं तिच्या कानावरून गेलं आणि बाहेर काहीच आलं नाही. निवृत्त होऊन ती गावी परतली तेव्हा तिला एकच खंत होती. इतकी माणसं ऐकली, पण बोलताना त्यांचे चेहरे कसे होत होते, ते कधी दिसलं नाही.

गावी टुलॉकांच्या दगडी घरात थोरलीची जागा रिकामी होती. थोरली म्हणजे कुळातली अशी बाई, जिच्या शब्दाशिवाय कुळप्रमुख नेमला जात नाही. कोण कुणाच्या पोटचं, हे तिने सांगायचं आणि बाकीच्यांनी मानायचं. आराबाला ती जागा हवी होती, आणि हे तिने लपवलंही नव्हतं. शनिवारी बैठक होती. दुसरं नाव चर्चेत होतं ते तिच्या मावसबहिणीचं, मान्साचं.

त्याच आठवड्यात चॅपलच्या स्मरणिकेसाठी टुलॉक घराण्यावर दोन पानं लिहायचं काम आराबाकडे आलं. गोष्ट सगळ्यांना पाठ होती. गॅव्हिन टुलॉक १८४४ साली स्कॉटलंडमधल्या बॅन्फहून आला, पामतेलाची पिंपं लिव्हरपूलला पाठवू लागला, ज्यांच्याकडे उतरला होता त्यांच्याच आवारात त्याने घर बांधलं, त्यांच्याच घरातली एसी बायको केली, चार मुली, दोन मुलगे झाले आणि चोविसाव्या वर्षी तापाने गेला. म्हणजे इथे आल्यापासून चोविसाव्या. इथे आडनाव बापाचं, पण माणूस आईच्या कुळाचा. टुलॉकची आई बॅन्फला, त्यामुळे इथे त्याला कूळच नव्हतं. मुलं एसीच्या, म्हणजे त्या घराच्या, कुळात मोजली गेली. पुढे आते-मामे भावंडांची लग्नं लावत घराने कूळही राखलं आणि आडनावही.

मंगळवारी आराबाने चॅपलचं बाप्तिस्म्याचं जुनं रजिस्टर मागवलं. धर्मशिक्षक आयेन्सू यांनी ते पुढ्यात ठेवलं आणि चष्मा पुसत तिथेच उभे राहिले. १८५१, थोरल्या मुलीचा बाप्तिस्मा. पिता, गॅव्हिन टुलॉक, व्यापारी. आई, एसी. आईचं जन्मस्थान, सलागा.

"शाई फिकी झालीय हो," आयेन्सू म्हणाले. "दुसरंही काही असेल."

"चांगलं ठसठशीत आहे," आराबा म्हणाली. "तुम्हालाही दिसतंय. चष्मा पुसायचं थांबलात ते त्यामुळेच."

सलागा उत्तरेला, त्या काळी महिनाभराच्या वाटेवर. तिकडून किनाऱ्यावर गुरं यायची आणि विकलेली माणसं यायची. इंग्रजांच्या प्रजेला माणूस विकत घ्यायला कायद्याने बंदी होती. म्हणजे घरमालकाने बाई घेतली असणार आणि पाहुण्याच्या चुलीपाशी पाठवली असणार. तिचं एसी हे नावही इथेच ठेवलेलं. आराबा तिच्या मुलीच्या मुलीची नात.

किनाऱ्यावरचा सगळ्यात जुना दंडक असा की कुणाचं मूळ उघड बोलायचं नाही. बाईला घरात नाव मिळालं, चूल मिळाली, की ती घरची. जो बोलेल त्याला एक मेंढी आणि श्नॅप्स दारूच्या दोन बाटल्या दंड. पण थोरलीची जागा भरताना अशा मुळाच्या बाईचं नाव निघालं की म्हातारी माणसं काही न बोलता दुसरीकडे बघतात आणि जागा भलतीकडे जाते, हेही आराबाने पाहिलं होतं.

मान्साला वास लागलाच. शुक्रवारी ती मक्याच्या आंबवलेल्या पिठाची केंकी घेऊन आली आणि उंबऱ्यातच म्हणाली, "काय गं, रजिस्टर उपसलंस म्हणे! तीस वर्षं लोकांचं ऐकलंस, पोट भरलं नाही का अजून?"

"नाही भरलं. तुला काही ठाऊक आहे का?"

"मला? माझं तोंड म्हणजे काय चॅपलचा दरवाजा आहे, सगळ्यांना उघडा?" मान्साने केंकी ठेवली आणि बसायचं सोडून निघून गेली.

शनिवारी सकाळी तेवीस माणसं अंगणात बसली. कुळप्रमुख नाना क्वामिना, वय शहाऐंशी, यांनी जमिनीवर श्नॅप्स ओतून पूर्वजांना बोलावलं आणि आराबाचं नाव पुढे केलं. कुणी हरकत घेतली नाही. आराबाने नुसतं गप्प बसायचं होतं. पण ही जागा खरं सांगण्याची, आणि पहिल्याच दिवशी ती लपवालपवीने घ्यायची, हे तिच्या पचनी पडेना. शिवाय इथल्यांपैकी कुणाला काय माहीत आहे, तेही तिला बघायचं होतं. या वेळी चेहऱ्यांसकट.

ती उभी राहिली. "नाना, आधी एक ऐका. माझी पणजी ज्या एसीची मुलगी, ती एसी या घरात जन्मलेली नव्हती. तिला सलागाहून…"

"बस!" नानांनी काठी आपटली. "बस खाली, पोरी!"

आराबाने मात्र चेहरे पाहून घेतले. साठीच्या आतले सगळे गोंधळलेले. त्यावरचे सगळे जमिनीकडे बघत होते. मान्साही. म्हणजे साठीवरच्या सगळ्यांनाच ठाऊक होतं.

"मी माझंच मूळ सांगतेय, नाना. दुसऱ्या कुणाचं नाही."

"तुझं मूळ तुझ्या एकटीचं आहे काय? एसीच्या पोटची अर्धी माणसं या अंगणात बसलीत. एक मेंढी, दोन बाटल्या. आजच्या आज."

मागून कुणीतरी हळूच विचारलं, "मग जागेचं काय, नाना?"

म्हातारा त्याच्याकडे वळला. "दंड कुणाला करतात रे? बाजारातून जाणाऱ्या बाईला मी दंड करतो का? घरच्याला करतात. मी तिला केला. आणि ज्या बोलण्याला दंड झाला, ते बोलणं झालंच नाही. आता तुला काही ऐकू आलं असेल तर सांग, मेंढ्या बाजारात पुष्कळ आहेत."

कुणालाच काही ऐकू आलं नव्हतं. आराबाला पांढरं कापड पांघरवून थोरलीच्या चौरंगावर बसवलं. सगळ्यात आधी हात मिळवायला मान्सा आली आणि कानात म्हणाली, "वेडी आहेस तू. आयतं मिळत होतं, तर मेंढी घालवलीस."

दुपारी मेंढी शिजली. पंगत उठल्यावर नानांनी आराबाला भिंतीच्या सावलीत बोलावलं आणि हाड चोखत बसले.

"रजिस्टरचं किती नंबरचं पान?" त्यांनी विचारलं.

"सदतीस. पण तुम्ही तर म्हणालात, बोलणं झालंच नाही."

"ते कुळप्रमुख म्हणाला. तो बैठकीबरोबर उठला. आता मी मटण खातोय." त्यांनी हाड ताटात ठेवलं. "माझ्या आजीने एसीला पाहिलं होतं, म्हातारपणी. सांगायची, त्या बाईने जन्मभर मासळी तोंडात घातली नाही. घरात रोज मासळी शिजे, ती बाजूला बसून शेंगदाण्याचं कालवण खाई. टुलॉक चिडायचा म्हणे. आणि कधी एकटी असली की कुणालाच न कळणारं काहीतरी पुटपुटायची. आजीला त्यातले दोन शब्द पाठ होते."

"कुठले?"

"मी विसरलो."

"नाना!"

"अगं, सात वर्षांचा होतो मी! थांब, आठवू दे जरा. एक काहीतरी पाण्याबद्दल होता…"

आराबाने चौरंग ओढून त्यांच्या समोर घेतला आणि बसली. त्यांचा चेहरा नीट दिसेल अशी.