तुमच्या इथी बाप्ये काय करतात?

माझ्या सासऱ्यांएवढा मर्द माणूस अख्ख्या चांदा जिल्ह्यात झाला नाही, असं मी म्हणालो की त्यांच्या गावची म्हातारी मंडळी आधी माना डोलावतात आणि मग तोंड फिरवून हसतात. माना डोलावतात त्या अस्वलासाठी. मोहफुलं वेचायला गेलेल्या बायकांवर अस्वल धावून आलं तेव्हा हे नुसती काठी घेऊन आडवे गेले होते, आणि त्याच्या नखांनी उजव्या खांद्यावर पाडलेली घळ ते शेवटपर्यंत उघड्या अंगानं मिरवत हिंडले. हसतात ते बाकी सगळ्यासाठी. म्हणजे असं, की त्याच उजव्या हातानं ते रोज सकाळी ओसरीवर बसून लेकीची वेणी घालत. रस्त्यानं जाणारा कुणी थबकलाच, तर फणी न थांबवता त्यालाच सुनावत, "पाहून काय राह्यला? तुह्या पोरीचे केस पाह्य, घरटं झालं त्याईचं."

आमच्याकडे जावई सासऱ्याला मामाजी आणि सासूला मामी म्हणतो, म्हणून मीही त्यांना मामाजीच म्हणतो. कुणाला तंबाखूचं व्यसन असतं, कुणाला पत्त्यांचं. मामाजींना एका प्रश्नाचं होतं. त्यांचं गाव सिंदेवाहीच्या अलीकडे, रस्त्याला लागून, त्यामुळे शिकारीला सावज आयतंच मिळे. सिरोंचाकडचा तेलुगू गाडीवान असो, बल्लारपूरच्या रेल्वेतला कामगार असो की बांगड्या विकणारा असो, त्याला हाक मारून ओसरीवर बसवायचं, पाणी द्यायचं आणि तो पहिला घोट घेतो न घेतो तोच विचारायचं, "तुमच्या इथी बाप्ये काय करतात?" बिचारा सांगे, पुरुष शेती करतात, गाडी हाकतात. "ते तं आमचेबी करतात. घरात काय करतात, ते सांगा." आणि जे ऐकून पटेल, ते दुसऱ्या दिवसापासून स्वतः करून पाहायचं. गाडीवानानं सांगितलं, आमच्याकडे लग्नाचा स्वयंपाक पुरुष करतात. तर मामाजी चुलीपुढे जाऊन बसले आणि त्यांनी चिंचेचं असं काही सार रांधलं, की पुढे कित्येक वर्षं त्याचं नाव निघालं की मामींचा एक डोळा आपोआप मिटे. लढाईत ब्रह्मदेशापर्यंत जाऊन आलेला एक शिपाई म्हणाला, तिकडे बाजारात सगळा व्यापार बायका करतात. लगेच पुढच्या आठवडी बाजारात मामाजींनी तराजू मामींच्या हातात दिला आणि आपण मागे पोतं धरून बसले. मामींनी दुपारच्या आत सगळी लाखोळीची डाळ विकून टाकली. "तिकडचे लोक हुशार हायेत," मामाजी घरी येताना सगळ्या वाटेनं सांगत आले.

अशा माणसाच्या घरी माझ्या वडिलांनी सोयरीक जुळवली, ती केवळ अस्वलाची कीर्ती ऐकून. माझे वडील पोंभुर्ण्याकडचे, ताठ. घरात पाण्याचा तांब्यादेखील त्यांनी कधी स्वतः उचलला नाही. साक्षगंधाच्या दिवशी, साखरपुड्याची सुपारी फुटून पाहुणे चहा घेत असताना, मामाजी त्यांना मोठ्या आस्थेनं म्हणाले, "इवाई, जंगलातल्या गावचा माहा एक गोंड दोस्त हाये. त्याईच्यात नवरदेव आधी सासऱ्याच्या घरी राहून काम करून दाखवते, मंग पोरगी भेटते. तुमचं पोरगं किती वर्षं राहीन?" वडिलांना ठसका लागला. सगळे हसले तेव्हा, थट्टा आहे असं समजून तेही हसले. मामाजी मात्र उत्तराची वाट पाहत होते.

लग्न दिवाळीनंतर ठरलं. मधल्या आषाढात आमचा एक बैल ऐन चिखलणीत मेला, म्हणून दुसरा पाहायला वडील आणि मी सिंदेवाहीकडे निघालो आणि वाटेत व्याह्यांकडे डोकावलो. नवरी मुलगी आम्हाला पाहताच घागर घेऊन आत पळाली. मामी हिवतापानं खाटेवर पडल्या होत्या. त्या म्हणाल्या, "ते रोवण्यावर गेले." धानाच्या रोवणीवर मालकाची नजर असलीच पाहिजे, असं म्हणत वडील खुशीत बांधीकडे, म्हणजे धानाच्या खाचराकडे, चालू लागले. बांधीत बायकांची ओळ वाकून धान लावत होती. ओळीच्या टोकाला एक भलीमोठी उघडी पाठ होती आणि तिच्या उजव्या खांद्यावर अस्वलाच्या नखांची घळ होती. पाठ नुसती रोवत नव्हती, बायकांबरोबर गाणंही म्हणत होती, आणि चाल चुकली की शेजारची म्हातारी तिला चिखलाच्या हातानं ढोसत होती.

हे अक्रीत काय होतं, ते आमच्याकडचं धान ठाऊक नसलेल्यांना सांगायला हवं. चिखल करायचा, रोपं उपटायची, त्यांच्या पेंड्या वाहायच्या, हे पुरुषांचं काम. रोपं लावायची फक्त बायकांनी. पुरुषाचा हात लागला की धान पोचट जातं, लोंबीत दाणाच भरत नाही, असं सगळा मुलूख मानायचा. त्यातून त्या गावचा रिवाज असा, की घरधनिणीनं ओळीत उभं राहून पहिली पेंडी सोडल्याशिवाय बाकीच्या बायका बांधीत पाय घालत नसत. इकडे घरधनीण तापानं फणफणलेली आणि रोपं तर जून होत चाललेली. मामाजी ओळीतल्या त्या थोरल्या म्हातारीकडे गेले आणि मामींच्या जागी आपण उभे राहतो म्हणाले. म्हातारी म्हणाली, "तुह्या बांधीत तू काय बी कर. आमच्या बांधीले हात नको लावू." झालं.

"इवाई, हे काय करून राह्यले?" वडिलांनी धुऱ्यावर, खाचराच्या कडेला उभं राहून विचारलं.

मामाजींनी कंबरेवर हात ठेवून पाठ सरळ केली. "रोवणा. बसा जी, एवढी बांधी झाली का येतोच."

"घरी पोरगी होती ना. तिले काऊन नाई उभं केलं?"

"तिचं साक्षगंध झालं. ती तं आता तुमच्या घरची."

वडील जास्तच चिडले. म्हातारीनं तेवढ्यात भर घातली, "आमी सांगतलं त्याईले, बाप्याच्या हातचं धान पोचट जाते म्हणून."

"जपानचं नाई गेलं," मामाजी म्हणाले. उन्हाळ्यात शेतीखात्याचा एक साहेब धान लावायची जपानी पद्धत सांगायला गावोगाव हिंडला होता. त्याच्याजवळच्या चित्रात गुडघाभर चिखलात पुरुष रोपं लावत होते. सगळं गाव खताचं विचारत होतं, आणि मामाजींनी साहेबाला तेवढं एकच विचारलं होतं, की यांचं धान भरते काय.

"आपण जपानात राह्यतो काय?" वडील म्हणाले. "आयका. हे धान भरलं तं लग्न. पोचट गेलं तं साक्षगंध मोडलं समजा. बाईचं काम करणाऱ्याच्या घरी मी सोयरीक नाई करत."

अस्वलापुढे न डगमगलेल्या त्या माणसाचा चेहरा तेव्हा पहिल्यांदा उतरलेला मी पाहिला. त्यांनी एकदा घराच्या दिशेनं पाहिलं. मग "मंजूर," म्हणाले आणि पुन्हा वाकून रोपं लावू लागले. त्या वाकण्याचा मला आजही अभिमान वाटतो. बाहेर येऊन हातपाय धुतले असते, चुकलो म्हणाले असते, तर वडील निवळले असते. पण मग ओळ मोडली असती आणि बांधी तशीच राहिली असती.

त्या पावसाळ्यात परक्याच्या शेतातल्या धानासाठी मी जेवढे नवस बोललो, तेवढे स्वतःच्या परीक्षेसाठीही बोललो नव्हतो. मुलगी मी नीट पाहिली होती ती एकदाच, आणि दुसऱ्यांदा घागर घेऊन पळताना. पण मला तीच हवी होती. सिंदेवाहीकडून येणाऱ्या प्रत्येकाला मी आडून आडून पिकाचं विचारी. मामाजींनी मात्र ते महिने कुणालाच काही विचारलं नाही. वाटसरू ओसरीवर बसत, पाणी पीत आणि तसेच उठून जात. सकाळी वेणी झाली की मामाजी बांधीत जाऊन हिरव्या लोंब्या बोटांनी चाचपत बसायचे. मामी बऱ्या होऊन हिंडूफिरू लागल्या होत्या. त्या म्हणायच्या, "म्या लावलं तवा कधी एवढं पाह्यलं नाई तुमी."

कापणीच्या तोंडावर वडील मला घेऊन पुन्हा त्या धुऱ्यावर उभे राहिले. मामाजींनी लावलेलं धान कोणतं, हे कुणाला विचारावं लागलं नाही. बायकांच्या ओळी सरळ होत्या आणि टोकाची एक ओळ बाजारातून पिऊन परतल्यासारखी होती. वडिलांनी तिथली लोंबी तोडली, तळहातावर चोळली, फुंकली. काहीच उडालं नाही. त्यांनी पुढे जाऊन दुसरी तोडली, मग अगदी शेवटची तोडली. एक दाणा दातांखाली धरून बराच वेळ चावला. मामाजी त्यांच्या तोंडाकडे पाहत उभे होते आणि मागे धुऱ्यावर सगळ्या बायका येऊन थांबल्या होत्या.

"भरलं," वडील म्हणाले. मग नुसतंच कबूल करणं जिवावर आल्यासारखं म्हणाले, "ओळ वाकडी हाये पण."

"पुढच्या साली सरळ लावीन जी," मामाजी म्हणाले.

लग्न झालं. पाठवणीच्या वेळी मामाजी गाडीच्या दांडीला धरून मोठ्यानं रडले. पुरुष माणसं इकडेतिकडे पाहू लागली. रडता रडताच त्यांनी माझ्या वडिलांना विचारलं, "इवाई, तुमच्या इथी बाप्ये रडतात काय?" कित्येक महिन्यांनी त्यांच्या तोंडून तो प्रश्न निघाला होता. वडील म्हणाले, "नाई." मग ते गाडीच्या पलीकडे गेले आणि आधीच बांधलेल्या बैलाची दोरी बराच वेळ पुन्हा बांधत राहिले. परत आले तेव्हा त्यांनी खांद्यावरच्या दुपट्ट्यानं तोंड पुसलेलं होतं.

मामाजींनी पुढची ओळही काही सरळ लावली नाही, पण लावायचं सोडलं नाही. हळूहळू त्या गावात कुणाची बायको आजारी पडली, कुणाची बाळंत झाली, तर तिच्या जागी नवरा गुपचूप ओळीत उभा राहू लागला. कुणी त्याचा गाजावाजा केला नाही. आमच्या बांधीतल्या वाकड्या ओळी माझ्या असतात.

मामाजी जाऊन पुष्कळ वर्षं झाली. माझी धाकटी सासरी निघाली तेव्हा मला आवरेना. नवे व्याही अवघडून जवळ आले आणि हळूच म्हणाले, "असं काय करून राह्यले जी? बाप्या माणूस तुमी."

"आमच्या इथी बाप्ये रडतात," मी म्हणालो.

हे मामाजींना ऐकवायला हवं होतं. त्यांनी मान डोलावली असती, मला पाणी दिलं असतं आणि लगेच पुढचा प्रश्न विचारला असता. तो कोणता असता, हे आता मला कळायचं नाही.