जेवणाचं बोलावणं

आमच्या वडनेरकडे लग्नाची पत्रिका आली म्हणजे जेवणाचं आमंत्रण आलं, असं जुनी माणसं कधी धरत नसत. अक्षता टाकून ती सरळ घरी जात आणि ओट्यावर वाट बघत बसत. मग लग्नघरचा कुणीतरी गल्लोगल्ली फिरून हाक देई, "चला हो, जेवाले चला!" तेव्हा कुठे पाण्याने भरलेला आपापला गडवा घेऊन ती पंगतीला निघत. पहिली पंगत म्हाताऱ्यांची असे.

आमच्या भावकीत ही हाक द्यायचं काम मोठेबाबांचं, म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाचं. ज्याला ऐकू येत नाही त्याच्या खांद्याला हात लावून ते सांगायचे. ज्याला दिसत नाही त्याला हाताला धरून आणायचे. माझ्या लग्नात ते भर उन्हात दोनदा गाव फिरले होते आणि स्वतः शेवटच्या पंगतीला बसले होते.

मी नोकरीपायी बुलढाण्यात स्थायिक झालो, पण मुलीचं लग्न गावातच करायचं ठरवलं. जेवण मात्र बुफे. मोठेबाबा तेव्हा ऐंशीच्या पुढे होते. आठ दिवस आधीपासून त्यांनी माझ्यामागे एकच टुमणं लावलं.

"बलावन्याले कोन फिरनार हाय?"

"आता माइकवर सांगतात, मोठेबाबा."

"माइक तं साऱ्या गावाले सांगते. मले कोन सांगीन?"

मला हजार कामं होती आणि माझा स्वभाव आधीच तापट. मी वैतागून म्हणालो, "मी सोता येतो तुमाले घ्याले. झालं?" ते खूश झाले. मीही सुटलो. खरं सांगायचं तर, तो शब्द मी त्यांना गप्प करायलाच दिला होता.

लग्नाच्या दिवशी धुतलेलं धोतर, पांढरी टोपी घालून ते मंडपात आले. मुलीवर अक्षता टाकल्या, तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि रिवाजाप्रमाणे घरी गेले. माइकवर पोरं ओरडत होती, "सर्वांनी जेवल्याशिवाय जाऊ नये." मी व्याह्यांच्या मागे-पुढे करत होतो. कुणाला पनीर वाढा, कुणाला कोल्ड्रिंक द्या. वहिनींनी, म्हणजे त्यांच्या सुनेनं, निघताना त्यांना विचारलं होतं. ते म्हणाले, "तुमी व्हा पुढं. तो येनार हाय मले घ्याले." मी येणार म्हटल्यावर वहिनी निर्धास्त झाल्या.

मुलीला सासरी पाठवलं तेव्हा ऊन कललं होतं. रडून डोळे सुजले होते. घरी जायला मी मागच्या गल्लीत वळलो आणि जागच्या जागी थबकलो. मोठेबाबा ओट्यावर बसले होते. डोक्यावर टोपी होती, शेजारी भरलेला गडवा होता.

"जेवले ना, मोठेबाबा?" मी विचारलं. विचारतानाच मला कळलं होतं.

"नाही ना बापू. तुही वाट पाहून राह्यलो. म्हटलं, म्हाताऱ्याइची पंगत उशिरा बसली असंल."

मी मंडपाकडे पळत सुटलो. केटररची माणसं पातेली घासून गाडीत चढवत होती. एका परातीत बुंदी उरली होती आणि चार चिवट पुऱ्या. तेच घेऊन आलो. त्यांनी दोन घास खाल्ले, गडव्यातलं पाणी प्यायले आणि म्हणाले, "गोड झालं, बापू. पोरगी सुखात राह्यली पाह्यजे." चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी कधी तो विषयच काढला नाही, आणि माफी मागायला माझी जीभ रेटली नाही. पुढच्या वेळी मागू, असं म्हणत मी दरवेळी बुलढाण्याची एसटी पकडत राहिलो.

थंडीत ते गेले.

तेरवीला चुलतभाऊ माइक लावणार होता. मी म्हणालो, बोलावण्याला मी फिरतो. घर न् घर फिरलो. लोक म्हणायचे, "काऊन एवढा तरास घेतला, भाऊ?" पण दारात कुणी आलंय म्हटल्यावर म्हाताऱ्या माणसांचे चेहरे उजळत होते. एका आजीने तर आत जाऊन आधी लुगडं बदललं. मला ते बघवत नव्हतं.

शेवटी परत त्यांच्याच ओट्यापाशी आलो. आत पंगतीसाठी पट्ट्या अंथरल्या होत्या. देवळीत गडवा पालथा घातलेला दिसला. मला राहवलं नाही. रिकाम्या ओट्याकडे बघून मी म्हणालो, "मोठेबाबा, चला. जेवाले चला."

वहिनी दारात उभ्या होत्या, हे मला माहीत नव्हतं. त्यांनी डोळ्यांना पदर लावला.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "हे त्या दिवशी म्हनाले पाह्यजे होतं तुमी."

मी हो म्हणालो आणि आत जाऊन पत्रावळी मांडायला लागलो.