मागच्या सीटखालची टाकी

लातूरच्या माझ्या क्लासमध्ये दरवर्षी एक उदाहरण यायचं आणि पोरं हमखास हसायची. फळ्यावर एक तिरकी रेघ मारून मी म्हणायचो, "एका मिस्त्रीनं गाडी बनवली. इंजिन पुढं, डिझेलची टाकी मागं. डिझेल आपलं आपण वाहत इंजिनात जायचं. गाडी चढाला लागली आणि बंद पडली. का?" उत्तर सोपं होतं. चढावर गाडीचं तोंड वर जातं, मागची टाकी इंजिनाच्या खाली येते आणि डिझेल काही वर चढत नाही. मग मी शेवटचं वाक्य टाकायचो, "मिस्त्रीला फिजिक्स आलं असतं तर!" हॉल हसायचा.

तो मिस्त्री माझा मित्र होता. गाडी आम्ही तिघांनी मिळून बांधली होती. आणि टाकी मागं नेण्याची अक्कल माझी होती.

भूकंपाला तेव्हा वर्ष होत आलं होतं. मी बी.एस्सी. होऊन रिकामा हिंडत होतो. दुसरा मित्र नांदेडचा. विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात विषय राहून राहून वैतागला आणि लातुरात मामाकडे येऊन पडला. आमच्यात काम करणारा एकटा मिस्त्रीच. औसा रोडला त्याचं पत्र्याचं वेल्डिंगचं दुकान होतं. आम्ही दोघं तिथं चहाला जायचो आणि त्याच्या कामात नाक खुपसायचो.

त्याचं गाव भूकंपात भुईसपाट झालं होतं. धाकटा भाऊ ढिगाऱ्यातून जिवंत निघाला, पण पाऊस लागला, काळ्या रानात मदतीच्या गाड्या रुतल्या आणि बैलगाडीतून डांबरी सडकेला नेता नेता तो गेला. हे त्यानं आम्हाला एकदाच सांगितलं, तेही डोळ्यांवरचा काळा चष्मा न काढता. आई मागं राहिली. नव्या वसाहतीतलं घर तिनं नाकारलं आणि ओढ्यापलीकडच्या रानात पत्र्याचं शेड टाकून एकटी राहू लागली. हा दर आठवड्याला जाऊन लातूरला चल म्हणून विनवायचा. शेवटी एकदा ती म्हणाली, "ज्या दिशी भर पावसात माझ्या दारापतोर गाडी यील, त्या दिशी यीन तुझ्यासंगं. तवर न्हाई."

दुसऱ्या कुणी ते बोलणं तिथंच सोडून दिलं असतं. यानं गाडी बांधायला घेतली.

भंगारातल्या जीपची चासी आणली, चारही चाकांना ओढ मिळेल अशी. इंजिन त्याच्याच विहिरीवरचं. विहीर भूकंपात ढासळली होती, त्यामुळं ते रिकामंच पडलं होतं. ते सुरू झालं की बसणाऱ्याचे दात वाजायचे. दुकानामागच्या ओल्या रानात पहिल्यांदा गाडी घातली तर वीस पावलांत चाकं जाम. नांदेडचा इंजिनिअर म्हणाला, ब्रेक धरतोय. मी म्हणालो, बेअरिंग. चारही चाकं खोलली, काही सापडेना. मिस्त्री मात्र खाली वाकला, मडगार्डमध्ये हात घातला आणि मूठभर काळी चिकट माती ओढून काढली. चाक आणि पत्र्याच्या मधे ती अशी बसली होती, जणू कुणी सिमेंट भरलंय. "तुमची पुस्तकं ऱ्हाऊ द्या," तो हसून म्हणाला आणि चारही मडगार्ड कापून टाकले. मग टायरवर लोखंडी पट्ट्यांचे दात बसवले. गाडी चिखलातून गुरगुरत निघाली तेव्हा आम्ही तिघंही लहान पोरांसारखे ओरडलो. माझ्या आयुष्यात तेवढं निखळ सुख मला परत मिळालं नाही, क्लासची पहिली बॅच भरली तेव्हासुद्धा नाही.

टाकी त्यानं विहिरीवर असते तशीच इंजिनाच्या वर, लोखंडी स्टँडवर बसवली होती. मला ते ध्यान बघवेना. शिवाय मडगार्डच्या वेळी झालेला पचका डोक्यात होताच. मी गुरुत्वमध्य वगैरे काढला. वर वजन असलं की गाडी उलटेल, तापल्या इंजिनावर डिझेल सांडेल, टाकी मागच्या सीटखाली घे, असं ठणकावलं.

"शेतात तर वरच असती टाकी," तो म्हणाला.

"शेतातलं इंजिन जागेवर बसून असतं. ते काय चढ चढतं का?"

हे मी बोललो. याच शब्दांत. त्यानं ऐकलं, कारण मी शिकलेला होतो. टाकी मागं गेली. सीट उंच होती, त्यामुळं सपाटीवर डिझेल नीट यायचं, आणि लातुरात आम्ही गाडी हिंडवली ती सगळी सपाटीवरच. चिखलाच्या धास्तीनं आम्ही चिखल सोडून दुसरा विचारच केला नाही.

श्रावणात झड लागली तशी आम्ही निघालो. डांबरी सडक सोडली की ओढ्याकडे खडा उतार, ओढा ओलांडला की पलीकडं सरळ सपाट रान. जाताना चढ कुठं लागलाच नाही. जिथं माणसाचा पाय गुडघ्यापर्यंत रुतत होता त्या रानातून आमची गाडी थेट शेडच्या दारात जाऊन उभी राहिली. म्हातारी दारात आली. गाडीकडं बघितलं, लेकाकडं बघितलं. आत जाऊन तिनं गाठोडं बांधलं, शेडला कुलूप घातलं आणि मागच्या सीटवर, बरोबर त्या टाकीवर बसली. मिस्त्री रडत होता. पाऊस होता म्हणून त्याला लपवावं लागलं नाही.

ओढा ओलांडला. चढ लागला. अर्ध्यावर इंजिन खोकलं आणि बंद पडलं, गाडी घसरत मागं ओढ्यात आली. त्यानं नळीतली हवा काढली, हँडल मारलं, इंजिन सुरू. पुन्हा अर्धा चढ, पुन्हा बंद. तीन वेळा. तळाला चालतंय, चढाला बंद पडतंय, एवढं ढळढळीत डोळ्यांसमोर होतं आणि मला दिसलं नाही. उलट मी खेकसलो, "तुझा डिझेलचा पंपच सडलाय. विहिरीवरचं भंगार आणून लावलंस." त्याच्या आईसमोर.

ती खाली उतरली. गाठोडं डोक्यावर घेतलं. "धाकट्याच्या येळंलाबी असंच झालंतं," एवढंच म्हणाली आणि गुडघाभर चिखलातून शेडकडं परत निघाली. मिस्त्री तिच्यामागं गेला. आम्ही दोघं शहाणे सडकेवर येऊन एस.टी.ची वाट बघत थांबलो.

त्यानंतर लातूरचे दिवस पालटले. बाहेरगावची पोरं येऊ लागली, घरोघरी खोल्या भाड्यानं गेल्या, भिंती निकालाच्या फोटोंनी भरल्या. विषय राहिलेल्या इंजिनिअरनं क्लास काढला आणि मला फिजिक्सला बोलावलं. रिकामटेकड्याचा मी सर झालो. पहिल्याच वर्षी फळ्यावर चढाची रेघ काढताना माझा हात थांबला. टाकी. दुकान क्लासपासून पंधरा मिनिटांवर होतं. त्या दिवशी गेलो नाही, नंतरही गेलो नाही. पुढच्या वर्षी मी त्याचं उदाहरण केलं आणि टाकी मिस्त्रीच्या नावावर घातली. किती सहज जमलं ते मला.

बऱ्याच वर्षांनी तो मुलीला घेऊन ॲडमिशनला आला. केस पांढरे झाले होते. मला सर म्हणाला. महिन्याभरानं पुन्हा आला, एकटाच.

"पोरगी सांगत होती, टाकीचं उदाहरण लई भारी सांगता म्हणून."

मी समोरची खुर्ची त्याच्याकडं सरकवली.

"मला त्याच आठवड्यात कळलंतं सर. गाडी कापाय म्हणून बैलांनी चढावर वढली, तिथंच नळी सोडली तर टाकीत डिझेल हाय आन् नळी कोरडी."

"मग बोलला का नाहीस?"

"कुणाला बोलू? तुमी परत आलाच न्हाई." मग म्हणाला, "आता पूल झालाय तिथं. आई न्हाई आली. मागल्या पावसाळ्यात गेली, त्याच शेडात. पोरीला म्या काय सांगितलं न्हाई. तिला शिकू द्या."

मी माफी मागायला हवी होती. मी चहा मागवला.

दुसऱ्या दिवशी तास संपता संपता ती मुलगी उभी राहिली. "सर, त्या टाकीचं विचारायचं होतं. माझे पप्पा मिस्त्री आहेत. ते म्हणतात, कुठलाच मिस्त्री टाकी मागं ठेवत नाही, इंजिनाच्या वरच ठेवतो. मग त्यानं मागं का ठेवली?"

सगळा हॉल माझ्याकडं बघत होता. एक वाक्य बोलायचं होतं.

"परीक्षेला एवढं विचारत नाहीत," मी म्हणालो. "बस खाली."